आपल्या मताचा हिशेब

आपला साक्री तालुका धुळे जिल्ह्यात, पण लोकसभेला आपण मत देतो ते नंदुरबार मतदारसंघात. बटण दाबलं, बीप वाजलं, की आपण घरी येतो. त्या मताचा हिशेब कोण ठेवतं, आणि तो आपल्याला कितपत बघता येतो, याचा इतिहास आज सांगतो.

आपल्या देशात निवडणुकीत यंत्र पहिल्यांदा वापरलं ते १९८२ साली, केरळातल्या परवूर मतदारसंघात, ५० केंद्रांवर. हरलेले उमेदवार ए. सी. जोस कोर्टात गेले. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, तिथे पुन्हा मतदान घ्या. या वेळी कागदावर मतदान झालं आणि जोस निवडून आले. पुढे १९८९ मध्ये कायद्यात तरतूद आली, आणि २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रं लागली.

यंत्रामुळे फायदाही झाला. केंद्र ताब्यात घेऊन भराभर शिक्के मारणं अवघड झालं. शिक्का रेघेवर पडला म्हणून मत बाद होणं थांबलं. पण कागद सगळ्यांसमोर मोजता येतो. यंत्राच्या पोटातलं कुणाला दिसत नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये हेच म्हटलं: साध्या माणसाला तज्ज्ञाशिवाय मोजणी पडताळता आली पाहिजे.

आपल्याकडे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने चिठ्ठी दाखवणारं यंत्र टप्प्याटप्प्याने आणायला सांगितलं. तेच व्हीव्हीपॅट. काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते, मग खाली पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी जुळवतात. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा, ही मागणी कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये मान्य केली नाही. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रं तपासून मागण्याची वाट दिली.

त्याच वर्षी विधानसभेच्या निकालानंतर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीचं नाव गाजलं. गावाचा आकडा लोकांना पटला नाही. ३ डिसेंबरला आपणच कागदावर मतदान घेऊन बघू, असं त्यांनी ठरवलं. कायद्यात तसं बसत नाही म्हणून प्रशासनाने जमावबंदी लावली आणि मतदान झालं नाही. राज्यातल्या २८८ जागांवर १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या, कुठेच फरक नाही, असं निवडणूक आयोगाने सांगितलं. तरी गावाच्या मनातला प्रश्न तसाच राहिला, कारण त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण वही मोठ्याने वाचतो, पेटीतले पैसे सगळ्यांसमोर मोजतो. त्यात अध्यक्षबाईंचा अपमान होत नाही, उलट त्यांचं नाव राहतं. मताचंही तसंच आहे.

आणि बघायच्या जागा कायद्याने दिलेल्याच आहेत. मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान ५० मतांची चाचणी होते. मतदान संपल्यावर एकूण किती मतं पडली, त्याचा नमुना १७-सी प्रतिनिधींना मिळतो. मोजणीच्या दिवशी तोच आकडा यंत्रावर दिसला पाहिजे. हे प्रतिनिधी बहुतेक पुरुषच असतात. पुढच्या विधानसभेला त्या बाकावर आपल्यातली एक तरी बाई बसावी, १७-सी हातात घेऊन आकडा वाचावा. सात सेकंदांची चिठ्ठी मात्र प्रत्येकीने नीट बघूनच बाहेर यावं.