पाटे, कमान आणि वडखळचा रस्ता

गाडीच्या पोटाखालचा सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांमधल्या अंतराला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. मुंबई-गोवा महामार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान, अलिबागचा फाटा फुटतो त्या वडखळ नाक्याच्या परिसरात या अंतराला नेहमीच मोल राहिले आहे. जुन्या गाड्या सोलून शर्यतीला उतरवणाऱ्या अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांनी हौसेखातर त्या जमिनीलगत आणल्या. कोकणच्या रस्त्यावर मेकॅनिकचे निम्मे कसब गाडी वर उचलण्यात खर्ची पडले. काम उलट दिशेचे असले तरी पाटे (लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या), शॅकल, यू-बोल्ट, टायर हे सामान दोन्हीकडे तेच आहे. म्हणून बुटक्या हॉट रॉडची उंची कशी वाढवावी याचे उत्तरही पाटे ठोकण्याच्या इथल्या जुन्या धंद्यात सापडते.

वडखळच्या आसपासचा प्रदेश खारेपाटाचा आहे. अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते तिथे भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि आत भातशेती करायची, ही इथली जुनी रीत. अशा मऊ चिकणमातीवर भराव टाकून केलेला रस्ता खचतो. त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला की डांबराखालची खडी मोकळी होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून येणारा प्रवासी शक्यतो हा चिखल टाळून पाण्यानेच यायचा. धरमतरला किंवा नागोठण्याला होडीतून उतरायचे आणि पुढे महाडमार्गे घाट चढायचा, हा महाबळेश्वरचाही एक रस्ता होता. जमिनीवरचे काम बैलगाडीचे. तिला स्प्रिंग नव्हती, पण चाक मोठे असल्याने आस जमिनीपासून हात-सव्वा हात वर राही. चाके चाकोरीत बुडली तरी गाडीचे पोट टेकत नसे. गाडी उंच ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय मोठे चाक हाच, हे मोटारी येण्याच्या कितीतरी आधी इथे ठाऊक होते.

मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. सुरुवातीच्या गाड्या या रस्त्यांना अगदीच परक्या नव्हत्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी नगांनी खपलेली फोर्डची मॉडेल टी अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या चिखलवाटेसाठीच बेतलेली होती. चाके ३० इंची, पोटाखाली सुमारे १० इंच मोकळे आणि पुढे-मागे एकेक आडवी पाट्यांची कमान. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या आणि ट्रक जुळवायला सुरुवात केली, तीही याच उंच बांधणीची वाहने होती.

फोर्डच्या त्याच आडव्या कमानीने पुढे हॉट रॉडला जन्म दिला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरोकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर १९३० च्या दशकात तरुण पोरे जुन्या फोर्ड सोलून शर्यती लावू लागली. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांची संघटना झाली आणि जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले. १९३२ ची व्ही-८ फोर्ड ही त्यांची लाडकी गाडी. वारा कापायला आणि वळणावर गाडी चिकटून राहायला ती खाली आणायची. त्यासाठी पुढचा ॲक्सल मध्यभागी खाली वाकवलेला घालायचा, पाट्यांची कमान उतरवायची आणि मागची चासी कापून झेडच्या आकारात पुन्हा जोडायची. हौस इतकी वाढली की १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणायला बंदी केली. त्यावर रॉन अगिरे याने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या सामानातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली. ग्राउंड क्लिअरन्स हवा तेव्हा वाढवण्याची ही युक्ती कायद्याच्या धाकातून निघाली, रस्त्याच्या गरजेतून नव्हे.

इथला काळ वेगळा होता. महिंद्राने १९४७ मध्ये विलिज जीप जुळवायला घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट निघू लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. कलकत्त्याकडून ॲम्बॅसिडर आली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली एसटी कोकणात पसरली. पुढची बांधणी कशीही असो, या सर्वांच्या मागच्या चाकांवर पाटेच होते. त्यामुळे हमरस्त्यावरच्या नाक्यानाक्यावर ‘कमान-पाटे’ अशी पाटी लावलेली दुकाने उभी राहिली. हा धंदा लोहाराच्या भट्टीतून मोटारीकडे आलेला आहे. त्याची अवजारे अजूनही ऐरण, घण, शेगडी आणि भक्कम शिकंजा हीच आहेत.

या दुकानातले काम जवळून पाहण्यासारखे असते. गाडी जॅकवर घेऊन यू-बोल्ट सोडायचे आणि पाट्यांचा जुडगा काढून शिकंज्यात आवळायचा. मगच सेंटर बोल्ट ढिला करायचा, कारण आतला ताण एकदम सुटला तर पाटे उसळून हात फोडतात. जुडगा मोकळा झाल्यावर एकेक पाटा गंज खरवडून साफ करतात. मेन पाट्याची मूळ कमान खडूने जमिनीवर आखतात आणि बसलेला पाटा ऐरणीवर आडवा धरून थंड असतानाच जागोजागी घणाने ठोकत त्या रेषेवर आणतात. प्रत्येक खालच्या, आखूड पाट्याला वरच्यापेक्षा थोडी जास्त कमान द्यावी लागते. बोल्ट आवळल्यावर ते सर्व एकमेकांना घट्ट बिलगतात आणि भार वाटून घेतात. मधे ग्रॅफाइट ग्रीसचा हात फिरवला की काम झाले. घाईचा कारागीर पाटा शेगडीत लाल करून वाकवतो. काम झटपट होते, पण पोलादाचा ताव उतरतो. तो परत आणायचा तर साडेआठशे-नऊशे अंश तापवून तेलात विझवावे लागते आणि पुन्हा चारशे-पाचशेच्या दरम्यान तापवावे लागते. हे न करता दिलेली कमान काही महिन्यांत पुन्हा बसते. स्वस्तात उचललेल्या बहुतेक गाड्यांची तक्रार इथेच असते.

कमान देऊन भागत नसेल तर जादा पाटा चढवतात. पाच पाट्यांच्या जुडग्यात तसाच सहावा घातला तर कडकपणा साधारण एक पंचमांशाने वाढतो. तेवढ्याच पाट्यांची जाडी सहावरून सात मिलिमीटर केली तर मात्र तो दीडपटीच्या वर जातो, कारण जाडीचा परिणाम घनाच्या प्रमाणात होतो. तिसरा मार्ग लांब शॅकलचा, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचा. शॅकल दोन इंचांनी वाढवला तर गाडी एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागचे हलत नाही. जुन्या जीपमध्ये पाटे ॲक्सलच्या खाली असत. ते सोडून वर बसवले की गाडी एकदम चार-पाच इंच चढते. या सर्व उपायांची एक मर्यादा मात्र ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते. पाट्यांमुळे चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे), सायलेन्सर आणि चासी वर जातात, पण मागच्या ॲक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा जिथल्या तिथेच राहतो. त्याला उचलायला टायरच मोठा हवा आणि टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मीच उंची हाती लागते.

उंचीची किंमत कडकपणाने मोजावी लागते आणि पेण तालुक्यात हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. हमरापूर, जोहे आणि पेण शहरातल्या कारखान्यांतून गणेशमूर्ती टेम्पोने बाहेर जातात. शाडूच्या मूर्तीला खड्ड्यापेक्षा कडक पाट्यांचा धक्का जास्त भोवतो. जादा पाटे चढवलेला टेम्पो रिकामा किंवा हलक्या मालाने धावला की मागून उड्या मारतो. मूर्ती भाताच्या पेंढ्यात बसवून सावकाश न्यायच्या, हाच त्यावरचा तोडगा. याच रस्त्यावर, १९९० च्या दशकात डोलवीला पोलाद कारखाना उभा राहिल्यापासून, जड मालाचे ट्रकही धावत आले आहेत आणि त्यांना कडक पाट्यांशिवाय चालत नाही.

खड्ड्यांइतकाच त्रास गतिरोधकांचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाप्रमाणे गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर. १९३२ च्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच, म्हणजे सुमारे २.७ मीटर. तिची दोन्ही चाके अशा गतिरोधकावर असताना मधला उंचवटा चाकांच्या रेषेपेक्षा जेमतेम साडेपाच सेंटिमीटर वर येतो. चार इंच क्लिअरन्सची रॉडही सावकाश चालवल्यास घासणार नाही. पण गावाच्या वेशीवर कोणीतरी टाकलेला हातभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच उंचवटा आला की पुढची-मागची चाके दोन्हीकडे सपाटीवर असतात आणि पोटाला पूर्ण १५ सेंटिमीटर लागतात. व्हीलबेस लांब तेवढी अडचण मोठी. गाडीच्या कागदावरचा एकच आकडा पाहून फसगत होते ती इथे.

२०११ मध्ये पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. उखडलेला जुना रस्ता, अर्धवट नवा रस्ता आणि त्यांना जोडणाऱ्या तात्पुरत्या वळणवाटा यांतून वाट काढताना चेंबर फुटणे नेहमीचे झाले. उंच बांधणीच्या गाड्या देशभर लोकप्रिय झाल्या त्याची कारणे अनेक, पण वडखळहून अलिबागला जाणाऱ्याला त्या का हव्याशा वाटल्या हे वेगळे सांगायला नको. १५ मार्च २०२० पासून मुंबईचा भाऊचा धक्का ते अलिबागजवळचे मांडवा अशी गाड्या बोटीतून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली आणि बुटक्या, महागड्या गाड्यांना वडखळ टाळता येऊ लागले.

तरीही हॉट रॉड याच रस्त्याने न्यायची असेल, तर कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी माणसे आणि पेट्रोल भरून मोजमाप घ्यायचे, कारण रिकाम्या गाडीची उंची दिशाभूल करते. मग सर्वांत खाली काय लोंबते ते पाहायचे. बहुतेकदा तो सायलेन्सरचा पाइप किंवा चेंबर निघतो. पाइप चासीच्या बाजूने वर घेतला आणि चेंबर उथळ पण रुंद करून घेतला, तर पाट्यांना हात न लावताच इंच-दीड इंच मिळतो. त्यानंतर टायर आणि सर्वांत शेवटी पाट्यांची कमान. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत वेढ्यांमध्ये रबरी बफर कोंबणे हा बाजारातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण तो स्प्रिंगचा तेवढा भाग निकामी करतो. दोन इंचांपेक्षा जास्त उचलल्यास प्रोपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकच्या नळ्यांची लांबी आणि स्टिअरिंगच्या दांड्यांची रेषा नव्याने जुळवावी लागते. नाहीतर खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढते.

कायद्याची चौकट इथे कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. चासी कापून जोडणे या चौकटीत बसत नाही. बसलेल्या पाट्यांना मूळची कमान परत देणे, उत्पादकाने मान्य केलेल्या मापातला मोठा टायर घालणे आणि चेंबरखाली पोलादी पत्रा बसवणे ही मात्र दुरुस्ती आणि देखभालीतच मोडणारी कामे आहेत.