जोंधळा, पेलाग्रा आणि रिकामे ताट

बिदर-कलबुर्गी भागातील मराठी घराण्यांचा इतिहास लिहिताना सनदा, वतने आणि देवस्थाने यांची चर्चा होते. जोंधळ्याची सहसा होत नाही. वस्तुतः या काळ्या जमिनीवर आपल्या पिढ्या जगल्या त्या भाकरीवरच. याच धान्याचे नाव 1960 साली वैद्यकीय वाङ्मयात एका व्याधीशी जोडले गेले. ती हकीकत आपणांस ठाऊक असावयास हवी.

पेलाग्रा या व्याधीत उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांची व मानेची त्वचा काळवंडून खरखरीत होते, अतिसार जडतो आणि पुढे बुद्धिभ्रंश होतो. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने 1735 साली तिचे वर्णन केले. पुढे ती मका खाणाऱ्या गरिबांची व्याधी म्हणून ओळखली गेली. नायसिन या जीवनसत्त्वाचा अभाव हे तिचे कारण 1937 नंतर स्पष्ट झाले. मक्यातील नायसिन बद्ध स्वरूपात असते आणि ज्यापासून शरीर नायसिन घडविते ते ट्रिप्टोफॅनही त्यात अल्प असते.

परंतु दख्खनमधील रुग्ण मका खाणारे नव्हते. ते जोंधळा खाणारे होते. कुन्नूरची पोषण संशोधन संस्था 1958 साली हैदराबादेस आली. तेथील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 साली 'लॅन्सेट'मध्ये असे मत मांडले की, जोंधळ्यात विपुल असलेले ल्युसिन हे अमिनो आम्ल नायसिनच्या चयापचयात व्यत्यय आणते. कुत्र्यांवरील प्रयोगांनी या मताला बळ दिले. जोंधळ्याच्या सर्व वाणांत ल्युसिन सारखे नसते, हे दिसताच वैद्यकाचा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या दारी गेला आणि कमी ल्युसिनच्या वाणांचा शोध सुरू झाला. इतर प्रयोगशाळांचे निष्कर्ष मात्र सर्वस्वी जुळले नाहीत. आयसोल्युसिन व ब-6 जीवनसत्त्व यांचाही संबंध पुढे आला आणि ल्युसिनच्या वाट्याविषयी एकमत झाले नाही.

मग दोष जोंधळ्याचा म्हणावा काय? तसे म्हणता येणार नाही. भाकरीसोबत दूध, वरण, भुईमूग ज्यांच्या ताटात होते त्यांना ही व्याधी सहसा शिवली नाही. ती जडली नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्यांना. आहारात वैविध्य आले तशी ती ओसरत गेली.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले आणि भाकरीला शहरांतही मान मिळाला. हा मान योग्यच आहे. तथापि या संशोधनाने इतिहासकारापुढे एक प्रश्न ठेवला आहे. वाड्याच्या स्वयंपाकघरात काय शिजत होते हे आपण आवडीने सांगतो. त्याच वाड्याच्या सालगड्याच्या ताटात भाकरीखेरीज काय पडत होते, हेही आपल्या कुलवृत्तांतांत नोंदले गेले पाहिजे.