कप्प्या आणि बूट

विहिरीवरची कप्पी तुम्हांला ठाऊक आहेच. शिडाच्या मोठ्या लढाऊ जहाजाला अशा सुमारे हजार कप्प्या लागत, आणि कारागीर त्या हाताने घडवीत. इंग्लंडात पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत मार्क ब्रुनेलने योजलेली आणि हेन्री मॉड्स्लेने घडविलेली यंत्रे आली. एकाने भोक पाडावे, दुसऱ्याने खाच कोरावी, तिसऱ्याने कडा गोल कराव्या! ११० कारागिरांचे काम दहा साधे मजूर करू लागले. १८०८ साली १,३०,००० कप्प्या निघाल्या. आज अणूला अणू जोडून वस्तूंचा सुकाळ करण्याची स्वप्ने शास्त्रज्ञ पाहतात ना, त्यांचे आजोळ हेच, असे मला वाटते.

पण पुढे ऐका. याच ब्रुनेलने लष्करासाठी बूट करणारी यंत्रे उभारली. लढाईत जायबंदी झालेले शिपाई ती चालवीत. १८१५ साली वॉटर्लूनंतर लढाई संपली, सरकारी मागणी थांबली आणि बुटांचे ढीग पडून राहिले. अनवाणी माणसे का इंग्लंडात नव्हती? पुष्कळ होती, त्यांच्या खिशात पैसा नव्हता. १८२१ साली ब्रुनेल कर्जापायी तुरुंगात गेला. सरकारने ५,००० पौंड दिले, तेव्हा कुठे तो सुटला.