सायबीण : घरातील वेदी आणि गोव्याची कॅथलिक स्त्री

गोव्यातील कॅथलिक समाज मरियामातेला ‘सायबीण’, म्हणजेच स्वामिनी, म्हणतो. म्हापशाची मिलाग्र सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण मानली जाते आणि हिंदू भाविकही तिला तेल अर्पण करतात.

अनेक गावांत वर्षातून एकदा सायबिणीची मूर्ती घरोघरी नेण्याची प्रथा आहे. साधारणतः एक दिवस एका घरी राहून ती दुसऱ्या संध्याकाळी शेजारच्या घरी जाते. घर झाडणे, वेदी फुलांनी सजवणे, जमलेल्यांसाठी चणे उकडणे ही कामे बहुधा गृहिणीची. ‘तेर्स’ अर्थात जपमाळेची सुरुवातही पुष्कळदा तीच करते : पाच दशके आणि प्रत्येकात दहा वेळा ‘नमो मरिया’. त्यानंतर लादिन गायिली जाते.

धर्मगुरुपद कॅथलिक स्त्रीला खुले नाही. वाचक व वेदीसेवक ही सेवापदे पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये तिच्यासाठी विधिवत खुली केली. घरच्या वेदीपुढील प्रार्थनेचे नेतृत्व मात्र ती पूर्वापार करीत आली आहे. पुरुष बोटीवर वा आखातात असताना पुष्कळ घरांत हा नेम तिनेच राखला.

आज स्थलांतरामुळे अनेक घरांना कुलूप आहे. तेथे सायबीण थांबत नाही. एकट्या वृद्धेच्या घरी मात्र शेजारणी जमतात आणि जप पूर्ण होतो.