प्रवाशाची जीभ आणि दिल्लीचे ताट

जगभर हिंडून गावोगावचे नामांकित पदार्थ चाखावेत, ही हौस अलीकडे फार बोकाळली आहे. अमक्या शहरी जाऊन तमके खाल्ले नाही तर जन्म फुकट गेला, असे छातीठोकपणे सांगणारे सद्गृहस्थ पदोपदी भेटतात. आम्ही पडलो केंद्र सरकारचे कारकून. आमचा प्रवास म्हणजे एक तर रजेची प्रवास-सवलत, नाही तर बदलीचा हुकूम. तेव्हा इस्तंबूल आणि पॅरिस आमच्या वाट्याला येतील असा संभव थोडा. परंतु ज्या दिल्लीत आम्हा मंडळींनी बिऱ्हाडे थाटली आहेत, तिचाच इतिहास चाळला असता एक गोष्ट ध्यानात येते. पदार्थ एका जागी बसून प्रसिद्ध होतो आणि माणसे त्याच्याकडे जातात, ही समजूत अपुरी आहे. बहुधा माणसेच देशोधडीला लागतात वा चाकरीसाठी परमुलखात जातात, आणि त्यांच्या शिदोरीतून पदार्थाला कीर्ती लाभते.

या विषयातील आद्य साक्षीदार म्हणून इब्न बतूताचे नाव घ्यावे लागते. मोरोक्कोतील तांजिये येथे १३०४ साली जन्मलेला हा पुरुष १३३४ च्या सुमारास दिल्लीस आला आणि मुहंमद तुघलकाने त्यास काजी नेमले. म्हणजे तोही आमच्यासारखाच परगावचा सरकारी नोकर! मुलतानहून दिल्लीकडे येताना वाटेत मिळालेल्या शाही भोजनाचा त्याने तपशीलवार क्रम दिला आहे. आरंभी साखरेचे सरबत. मग पातळ पोळ्या आणि भाजलेल्या मांसाचे मोठे तुकडे. तूप, कांदा व ओले आले घालून शिजविलेले मांस. त्यानंतर समोसे, तुपातील भात व त्यावर कोंबडी. शेवटी मिठाई आणि विडा. समोशाच्या सारणात खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा व मसाला असे, असेही तो सांगतो. दरबारी पक्वान्नांबरोबरच मूग व तांदूळ एकत्र शिजवून तुपाशी खाल्ली जाणारी खिचडी लोक रोज न्याहारीला घेतात, आणि कच्चे आंबे खारवून त्यांचे लोणचे घालतात, हेही त्याने टिपून ठेवले. खिचडीची नोंद घेणारा प्रवासी आम्हांस पुलावाचे गोडवे गाणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो.

मराठी वाचकांस कौतुकाची गोष्ट पुढेच आहे. १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघालेला इब्न बतूता दौलताबाद व नंदुरबार या मार्गाने खंबायतेकडे गेला. दौलताबादेची द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे तो लिहितो. नंदुरबारच्या मराठ्यांचा आहार भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल असा असून ते जीवहत्या टाळतात व जेवणापूर्वी कटाक्षाने स्नान करतात, असेही तो नोंदवितो. त्या आधी १३२७ साली याच सुलतानाने दिल्लीच्या अंमलदारांस देवगिरीस जाण्याचा हुकूम केला होता. आज आम्ही बदलीवर दिल्लीस येतो. त्या काळी दिल्लीकर बदलीवर आमच्याकडे येत!

या ताटात काय नव्हते, हे पाहणेही बोधप्रद ठरेल. मिरची नव्हती आणि बटाटाही नव्हता. दोन्ही अमेरिका खंडातील. कोलंबसाच्या सफरीनंतर ती इकडे आली. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे आपले दोन्ही शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आले आहेत. तेव्हा चांदणी चौकातील बटाट्याचा समोसा काय किंवा दादरचा बटाटेवडा काय, ‘अस्सल स्थानिक’ हे बिरुद मिरविण्यापूर्वी उभयतांनी थोडे खाली पाहावे हे बरे.

दिल्ली आणि मराठे यांच्या संबंधात मात्र अन्नाचा विषय केवळ रुचीचा राहत नाही. १७६० च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. पण फौजेला पैसा पुरेना आणि दाणावैरणही पुरेना. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला तेव्हा तेथील धान्याने काही दिवस निभावले. पुढे पानिपतावर कोंडी झाली. रसद पोचविण्याची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी आपले सैन्य उपाशीपोटी रणात उतरले. उत्तरेच्या अन्नाची आठवण काढताना ही उपासमार विसरणारा मराठी माणूस निव्वळ खवय्या होय, इतिहासाचा वाचक नव्हे.

दहा वर्षांनी चित्र पालटले. १७७२ च्या जानेवारीत महादजी शिंदे यांनी शाहआलमास दिल्लीच्या तख्तावर आणून बसविले आणि १७८४ मध्ये ते स्वतः वकील-इ-मुत्लक झाले. सोहन हलव्यासाठी गाजलेले चांदणी चौकातील घंटेवाला हे दुकान आपली स्थापना १७९० ची सांगते, म्हणजे महादजींच्या अमदानीतली. हिंगण्यांसारखी वकील घराणी दिल्लीत कैक वर्षे राहिली व पुण्यास पत्रे धाडीत राहिली. पण ती पत्रे राजकारणासाठी होती, जिभेचे चोचले नोंदविण्यासाठी नव्हेत. १८०३ च्या सप्टेंबरात पटपडगंजच्या लढाईनंतर दिल्ली इंग्रजांकडे गेली. ज्या काळात मराठ्यांचा दिल्लीशी सर्वांत निकटचा संबंध होता, त्या काळची आपल्या माणसांच्या जेवणाची कथा सांगणारा कोणी इब्न बतूता आपल्यात निघाला नाही, ही खंत आम्हांस वाटते.

आज दिल्लीचा म्हणून जगभर ओळखला जाणारा पदार्थ कोणता? तंदुरी कोंबडी आणि लोण्याच्या रश्शातील तिचे भावंड. ही तर निर्वासितांची देणगी! १९४७ च्या फाळणीत पेशावर सोडून आलेल्या कुंदनलाल गुजराल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दर्यागंजात ‘मोती महल’ उघडले. ज्यांचे घर गेले, गाव गेला, त्यांनी भट्टी मात्र सोबत आणली आणि नवे शहर त्या चवीने ओळखले जाऊ लागले. लोण्यातील कोंबडीचा जनक कोण, हा वाद २०२४ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. विस्थापितांची भाकरी तिसऱ्या पिढीत मालमत्ता ठरते, याहून यशाचा आणखी दाखला कोणता?

या साऱ्याचा आम्हा परमुलखातील मराठी नोकरवर्गाशी संबंध आहे. आमची मुले राजम्याला घरचे म्हणतात, आणि आमटीतला गोडा मसाला त्यांना पाहुणा वाटतो. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही; इतिहास असाच घडत आला आहे. परंतु चव आपोआप टिकत नाही. ती कोणी तरी शिजवावी लागते, आणि कोणी तरी लिहावीही लागते. फायलींवर टिपणे लिहिण्यात ज्यांचा जन्म जातो, त्यांना घरच्या मसाल्याचे प्रमाण एका कागदावर उतरविणे जड जाऊ नये. बदलीचा हुकूम येण्यापूर्वी एवढे काम प्रत्येकाने उरकावे.