म्हातारं कुत्रं घरी आणायचं तर आधी हे बघा

अमळनेर : पिल्लू कोणीही उचलून नेतं. तोंडावर पांढरे केस आलेलं, आठ-नऊ वर्षांचं कुत्रं मात्र स्टँडच्या फलाटाखाली नाहीतर दुकानाच्या ओट्यावर तसंच पडून राहतं. यातली सगळी जन्मापासून रस्त्यावरची नसतात. मालकाची बदली झाली, मळा विकला गेला, घरात बाळ आलं, की साखळी काढून गावाबाहेर सोडलेलीही बरीच असतात. पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत विनाकारण सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. तक्रार करायला सहसा कोणी जात नाही, हा भाग वेगळा.

आता या कुत्र्यांचा प्रश्न जास्त निकडीचा झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार नसबंदी व लसीकरण झालेलं कुत्रं पकडलं त्याच भागात परत सोडायचं आहे. पिसाळलेलं किंवा आक्रमक असेल तर नाही. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात मात्र शाळा-कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री काढून ती परत तिथे न सोडण्याचे निर्देश आहेत. म्हणजे आयुष्यभर स्टेशनवर राहिलेल्या कुत्र्याला निवाऱ्यात जाणं किंवा कोणाच्या तरी घरी जाणं, एवढेच रस्ते उरतात. ऑगस्टच्या आदेशातच दत्तक घेण्याची सोय आहे. इच्छुकाने स्थानिक पालिकेकडे अर्ज करायचा, आणि कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची राहते.

वय आणि तब्येत कशी ओळखायची

रस्त्यावरच्या कुत्र्याचं वय अंदाजानेच सांगावं लागतं. दातांवर पिवळं-तपकिरी कीटण, झिजलेले सुळे, डोळ्यांच्या बाहुलीत निळसर धूसरपणा, उठताना मागच्या पायांत आखडलेपण, ही उतारवयाची लक्षणं. कानाचं टोक कापलेलं किंवा त्याला काप दिलेला असेल तर सहसा त्याची सरकारी नियमांप्रमाणे नसबंदी झालेली असते. मारामारीत फाटलेला कान आणि हा काप यात लोकांचा घोळ होतो. काप सरळ आणि स्वच्छ असतो.

घरी न्यायच्या आधी जनावरांच्या दवाखान्यात न्यावं. मोठ्या वयाच्या मादीची नसबंदी झालेली नसेल तर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत ती खूप पाणी पिऊ लागली, जेवण सोडलं, तर थांबू नये, जीव जातो. लघवीच्या जागेतून सतत रक्त येत असेल तर ती बहुधा संसर्गाने पसरणारी गाठ असते. रस्त्यावरच्या कुत्र्यांत ती नेहमी दिसते. लोक 'कॅन्सर आहे, वाचणार नाही' म्हणून सोडून देतात, पण दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. गोचीड झालेली असेल तर रक्त तपासून घ्यावं. गोचिडीच्या तापात कुत्रं मलूल होतं, नाकातून रक्त येतं. रेबीजची लस लगेच, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुप्रोफेनची गोळी देऊ नये. कुत्र्याला ती विषासारखी लागू शकते, मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते.

घरात रुळायला वेळ लागतो

पहिले काही दिवस ते कोपऱ्यात बसेल, जेवणार नाही, रात्री रडेल. याला हट्टी समजू नये. साधारण तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घरची सवय लागण्याचे आणि तीन महिने माणसांवर विश्वास बसण्याचे, असा ढोबळ हिशोब पाळणारे धरतात. तोवर नातेवाइकांना बघायला बोलावू नये. जेवताना किंवा झोपेत असताना लहान मुलांनी हात लावायचा नाही, हे मुलांना शिकवावं लागतं. म्हाताऱ्या कुत्र्याला कमी ऐकू येतं आणि दचकून ते चावू शकतं.

खाण्याचं आपल्याकडे फार अवघड नाही. भाकर मऊ करून, त्यात अंडं किंवा शिजवलेलं मांस. कळण्याच्या भाकरीत मीठ असतं, म्हणून त्याच्यासाठी बिनमिठाची वेगळी थापावी. कांदा-लसणाचं कालवण, मनुका, चॉकलेट बंद. खाटीकखान्यातलं कच्चं आतडं-काळीज तर अजिबात नको. त्यातून कुत्र्याला फीतकृमी होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात-फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. जंताचं औषध साधारण तीन महिन्यांनी.

खान्देशातला उन्हाळा हा म्हाताऱ्या कुत्र्याचा खरा शत्रू. पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेलं कुत्रं दुपारीच दगावू शकतं. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. फिरवणं उन्हं चढायच्या आत. डांबरावर आपला तळहात टेकवत नसेल तर त्याचा पंजाही टिकणार नाही. लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, की सावलीत नेऊन साधं पाणी अंगावर ओतावं, पंखा लावावा आणि दवाखाना गाठावा.

कुत्रं चावलं, ते घरचं लस दिलेलं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि सरकारी दवाखान्यात जावं. हळद, चुना, मिरची लावत बसू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण माणसाची लस त्यासाठी थांबवायची नसते.

शेवटचा प्रश्न घरात आधी बोलून घ्यायचा असतो. लग्नाला चार दिवस गावाला गेलो तर त्याला जेवू कोण घालणार? आणि ते पाळणारं माणूसच आजारी पडलं तर? रतन टाटांनी मुंबईत बॉम्बे हाऊसमध्ये भटक्या कुत्र्यांसाठी जागा करून दिली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या मृत्युपत्रात टीटो या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद असल्याच्या बातम्या आल्या. आपल्याकडे मृत्युपत्राची गरज नाही. शेजारच्या किंवा भावकीतल्या एकाने 'मी बघतो' असं आधीच म्हटलेलं असलं, आणि लसीचं कार्ड कुठे ठेवलंय ते त्याला माहीत असलं, म्हणजे काम भागतं.