दूरच्या रणभूमीवर पडलेल्यांची नावे

अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात चँडलर नावाचे शहर आहे. डॉ. अलेक्झांडर चँडलर हे मूळचे गुरांचे डॉक्टर. त्यांनी कालव्याच्या पाण्यावर वाळवंटातील जमीन लागवडीखाली आणली आणि सन १९१२ मध्ये हे गाव वसविले. आज तेथे इंटेल कंपनीचे मोठे कारखाने आहेत व त्यांच्या निमित्ताने पुष्कळ भारतीय कुटुंबेही तेथे स्थायिक झाली आहेत. या शहरात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेची ३५ क्रमांकाची शाखा आहे. तिला नाव दिले आहे ते कोणा सेनापतीचे नव्हे, तर मॅथ्यू बी. हुआन या साध्या शिपायाचे. हा हुआन कोण, हे आपल्या वाचकांस सांगावे असे आम्हांस वाटले. कारण त्याच्या कथेतून आपणांसही घेण्यासारखे काही आहे.

चँडलरच्या दक्षिणेस हिला नदीकाठी पीमा या आदिवासी जमातीची राखीव भूमी आहे. सन १८५९ मध्ये ती स्थापन झाली. पीमा लोक पिढ्यान् पिढ्या पाट काढून शेती करीत. अनोळखी वाटसरूंनाही धान्य देणारे लोक म्हणून त्यांची ख्याती होती. पुढे नदीच्या वरच्या अंगास गोऱ्या वसाहतवाल्यांनी पाणी वळविले, पाट कोरडे पडले आणि दुसऱ्यांना जेवू घालणाऱ्या या लोकांवर उपासमारीची पाळी आली. मॅथ्यू हुआन याच जमातीतला, सॅकाटन गावचा.

पहिल्या महायुद्धात तो मॅथ्यू रिव्हर्स या नावाने सैन्यात भरती झाला. ‘टस्कानिया’ या ज्या जहाजातून तो युरोपास निघाला, ते ५ फेब्रुवारी १९१८ रोजी स्कॉटलंडनजीक जर्मन पाणबुडीने बुडविले. दोनशेहून अधिक माणसे मेली; हुआन वाचला. परंतु पुढे चारच महिन्यांच्या आत, २८ मे १९१८ रोजी, फ्रान्समधील कांतीन्यी या खेड्यावरील हल्ल्यात तो पडला. अमेरिकन फौजेची त्या युद्धातील ही पहिली मोठी चढाई होती. लढाईत कामी आलेला अॅरिझोनाचा पहिला सैनिक म्हणून त्याची नोंद केली जाते. युद्ध संपल्यावर त्याचा देह मायदेशी आणून सॅकाटन येथे पुरण्यात आला.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या युद्धात अमेरिकेच्या सैन्यात सुमारे १२,००० आदिवासी होते. पण त्यांच्यापैकी कित्येकांना अमेरिकेचे नागरिकत्वच नव्हते. ते सर्वांस मिळाले सन १९२४ मध्ये. बरे, नागरिकत्व मिळाले म्हणून मत मिळाले असेही नाही. सन १९२८ मध्ये हिला नदीकाठच्याच दोघा पीमा गृहस्थांनी मतासाठी कोर्टात दाद मागितली, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सरकारच्या पालकत्वाखालील माणसे ठरवून मत नाकारले. मरताना सज्ञान, आणि मत देताना अज्ञान! हा निकाल फिरला तो सन १९४८ मध्ये, आणि त्या वेळच्या दोघा फिर्यादींपैकी फ्रँक हॅरिसन हा दुसऱ्या महायुद्धातून परतलेला सैनिक होता. दरम्यान सॅकाटनचाच आणखी एक तरुण, आयरा हेझ, सन १९४५ मध्ये इवो जिमा बेटावर निशाण उभारणाऱ्या सहा जणांच्या छायाचित्रामुळे जगप्रसिद्ध झाला होता. त्या सहांपैकी तिघे त्याच बेटावर मारले गेले. आज सॅकाटनच्या स्मारक-उद्यानास हुआन आणि हेझ या दोघांची नावे आहेत.

ही हकीकत परकी वाटत असेल तर आपण घरच्या अंगणात पाहू. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ हे नावच पडले. आपल्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले व धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावास त्यांचा पुतळा उभा राहिला. पण ज्यांना पदक नाही, त्यांचे काय? मेसोपोटेमियात मराठा पलटणींचे किती शिपाई पडले! बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची दखल आहे. पण त्यात गोऱ्या शिपायाचे नाव कोरले आणि हिंदी शिपायाचा पलटणीगणिक केवळ आकडा. सन २०२१ मध्ये युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाच्याच अहवालाने ही विषमता मान्य केली. आशिया व आफ्रिकेतील निदान १,१६,००० मृतांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत, असे त्या अहवालात म्हटले आहे, आणि त्याबद्दल ब्रिटिश सरकारने माफीही मागितली.

आपल्या बेने इस्राएल समाजाचे तर मुंबई सैन्याशी जुने नाते. परंपरा सांगते की, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले शमुवेल दिवेकर यांनी देवाचे उपकार स्मरून सन १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. जे सुटून आले त्यांचे नाव दगडी इमारतीने राखले. जे आले नाहीत, त्यांची नावे कोण जाणतो? पूर्वी आपल्यात सुभेदार, जमादार झालेली माणसे घरोघर होती. पेन्शनची कागदपत्रे, पदके, पलटणीचे फोटो अजूनही काही घरांतील पेट्यांत असतील. काही पेट्या आता इस्राएलात गेल्या असतील.

मृतासाठी प्रार्थना म्हणताना आपण त्याचे व त्याच्या बापाचे नाव उच्चारतो. आकड्यासाठी प्रार्थना म्हणता येत नाही. चँडलरच्या लोकांनी शेजारच्या गरीब जमातीतील एका शिपायाचे नाव आपल्या संस्थेच्या दारावर लिहिले. त्याने जुना अन्याय धुऊन निघाला असे आम्ही म्हणत नाही. पण त्या दारातून जाणारा प्रत्येक जण ते नाव वाचतो, हेही थोडे नव्हे.

म्हणून आमची समाजबंधू-भगिनींस विनंती आहे की, घरातील वडीलधाऱ्यांस आजच विचारावे: आपल्यापैकी कोण कोणत्या पलटणीत होते, कोठे लढले, कोण परत आले नाही. नाव, बापाचे नाव, गाव आणि साल एवढे जरी कागदावर उतरले तरी पुष्कळ झाले. दगडावर कोरण्याचे काम पुढची पिढी करील; पण तिच्या हाती नाव तरी दिले पाहिजे.